लोणी काळभोर : वाटा, वस्ती आणि माणसांची गणना

महोत्सवाच्या प्रसंगीं मनुष्य सहजच मागें वळून पाहतो. मंदिराची कोनशिला केव्हां बसली, पहिला बाप्तिस्मा कोणत्या सालीं झाला, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, याची उजळणी होते, आणि ती होणें योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर आपण उभे आहों ती भूमि कोणती, तिच्यावरून कोणत्या वाटा गेल्या, आणि त्या वाटांनीं कोणतीं माणसें येथें आणून सोडलीं, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. वास्तविक पाहतां वाट आणि वस्ती यांचें नातें नदी आणि काठ यांच्यासारखें आहे. एकीनें वळण घेतलें कीं दुसऱ्यास वळावें लागतें. हें नातें डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर पुण्याच्या पूर्वेस असलेल्या लोणी काळभोर या गांवासारखें दुसरें उदाहरण शोधूं जाण्याचें कारण नाहीं. म्हणून त्या गांवाची हकीकत आज वाचकांस सादर करीत आहों.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे हडपसर मागें टाकून सुमारें अठरा किलोमीटरांवर, म्हणजे जुन्या हिशेबानें सहा कोसांच्या आंतच, लोणी काळभोर लागतें. तालुका हवेली, जिल्हा पुणें. उत्तरेच्या अंगास मुळा-मुठा नदी वाहते, आणि थोड्याच अंतरावर थेऊर हें अष्टविनायकांपैकीं एक क्षेत्र आहे. काळभोर हें येथील जुन्या मराठा घराण्याचें आडनांव. तेंच गांवाच्या नांवास जोडलें गेलें. असें जोडण्याचें कारणहि उघड आहे. महाराष्ट्रांत लोणी नांवाचीं गांवें अनेक आहेत, आणि पुण्याच्या पूर्वेसच दोन आहेत. सोलापूरच्या रस्त्यावरचें तें लोणी काळभोर, आणि नगरच्या रस्त्यावरचें तें लोणीकंद.

या दोहोंची गल्लत विद्वानांच्या लेखांतूनहि होण्याचा संभव असल्यामुळें येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. पेशवाई बुडाल्यानंतर लौकरच, १८१९ सालच्या सुमारास, टॉमस कोट्स नांवाच्या इंग्रज वैद्यानें 'लोणी' या खेड्याची बारकाईनें पाहणी केली. घरें किती, माणसें किती, गुरें किती, कोण काय पिकवितो, कोण कोणाचें देणें लागतो, हें सर्व त्यानें लिहून काढलें, आणि तें मुंबईच्या साहित्यसभेच्या ग्रंथमालेंत १८२३ सालीं छापलें गेलें. तें लोणी म्हणजे लोणीकंद होय. प्रसिद्ध समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं त्याच गांवीं पुन्हां पाहणी करून १९६० सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शेजारच्या गांवाचें हें भाग्य लोणी काळभोरच्या वाट्यास आलें नाहीं. त्याचा इतिहास एका ग्रंथांत बांधलेला नसून रस्त्यावर, रुळांवर आणि कालव्याच्या काठीं विखुरलेला आहे. तो तेथूनच वेंचला पाहिजे.

सर्वांत जुनी वाट पायवाट. पुण्याहून पूर्वेस भीमेच्या खोऱ्यांत आणि पुढें पंढरपूर, सोलापूर या बाजूस जाणारा माणूस याच अंगानें जाई. संत तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनीं १६८५ सालीं देहूहून पालखी नेण्याची प्रथा सुरू केली. ही पालखी पुण्याचा मुक्काम हलवून हडपसरपर्यंत येते. तेथून आळंदीची पालखी दिवे घाटानें सासवडकडे वळते, आणि देहूची पालखी सोलापूरच्या रस्त्यानें येऊन लोणी काळभोर येथें मुक्काम करते. दुसऱ्या दिवशीं ती यवतच्या वाटेस लागते. ज्या गांवीं वर्षांतून एक रात्र हजारों पाहुणे उतरतात, त्या गांवास परक्या माणसाचें भय वाटेनासें होतें. पाणी कोठें द्यावें, भाकरी कोठें वाढावी, निजावयास कोठें जागा करावी, हें त्याच्या अंगवळणीं पडतें. धर्म कोणताहि असो, वाटसरूस दार उघडण्याची ही संवय पुढें येणाऱ्या वस्तीच्या दृष्टीनें लहानसहान गोष्ट नव्हे.

परंतु वाट सर्वांचीच असते. ज्या वाटेनें वारकरी जातो, त्याच वाटेनें फौजहि येते. थोरले माधवराव पेशवे यांचा अंत १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें झाला. त्यांच्या आजारपणांत पुण्याहून या टापूंत माणसांची व सांडणीस्वारांची सारखी ये-जा होती. त्यानंतर तीस वर्षांनीं, १८०२ च्या ऑक्टोबरांत, यशवंतराव होळकर बारामतीच्या बाजूनें चालून आले, आणि त्यांचा तळ लोणी व हडपसर यांच्या दरम्यान पडला. २५ ऑक्टोबर रोजीं हडपसरजवळ लढाई होऊन पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा मोड झाला. दुसरे बाजीराव पळाले, आणि ३१ डिसेंबर रोजीं त्यांनीं वसईस इंग्रजांशीं तह केला. मराठी राज्याच्या उतरत्या काळाचें हें एक प्रकरण या वाटेवर घडलें. उभीं पिकें तुडविलीं जाणें आणि वैरण लुटली जाणें, हा रस्त्याकांठच्या गांवांनीं त्या काळीं भरलेला कर होता.

आतां दुसऱ्या वाटेकडे वळूं. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें आगगाडी धांवली, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. पण घाटावरची लाईन घाटाखालच्या लाईनीशीं जोडली जाण्यापूर्वींच वापरांत आली होती, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें खंडाळा ते पुणें हा भाग १४ जून १८५८ रोजीं, आणि पुणें ते दिकसाळ हा भाग १५ डिसेंबर १८५८ रोजीं खुला केला. लोणीच्या शिवारांतून जाणारे रूळ या दुसऱ्या भागांतले. १८६० सालीं गाडी सोलापुरास पोंचली. बोरघाटाचें अवघड काम मात्र १८६३ सालीं पुरें झालें. तोंवर मुंबईच्या उतारूस घाटाच्या पायथ्याशीं उतरून पालखींत किंवा तट्टावर बसून खंडाळ्यास यावें लागे, आणि तेथून पुन्हां गाडी धरावी लागे. म्हणजे सुमारें साडेचार वर्षें लोणीची गाडी सोलापूरच्या दिशेस मोकळी होती, पण मुंबईच्या दिशेस तिच्यापुढें डोंगर उभा होता. १८७१ सालीं रायचूर येथें ही लाईन मद्रास रेल्वेस मिळाली, आणि मुंबई व मद्रास हीं दोन शहरें जोडणाऱ्या थोर मार्गावर लोणी हें एक लहानसें स्टेशन होऊन बसलें. पुण्याहून निघाल्यावर मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगांव, पाटस आणि दौंड हा क्रम या भागांतील आबालवृद्धांस पाठ असतो.

आगगाडीनें गांवास काय दिलें? उत्तर एका शब्दांत देतां येत नाहीं. बाजार जवळ आला, हें खरें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ या काळांत यादवी युद्ध चालू असतां विलायतेच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेना. तेव्हां आपल्याकडील कापसाचे भाव भडकले, रेल्वेच्या कामावर मजुरीहि चांगली मिळूं लागली, आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या हातीं पैसा खेळूं लागला. सावकारानें त्या भरंवशावर सढळ हातानें कर्ज दिलें. युद्ध संपलें, भाव कोसळले, साऱ्याची आकारणी मात्र वाढली, आणि कर्ज अंगावर राहिलें. त्याचा परिणाम १२ मे १८७५ रोजीं याच जिल्ह्यांतील सुपें येथें दिसला. शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व दस्तऐवज जाळले, आणि पुणें व नगर जिल्ह्यांत दंग्याचें लोण पसरलें. जी वाट धान्य बाहेर नेते तीच भावांतील चढउतार घरांत आणते, हा धडा त्या पिढीनें मोठी किंमत देऊन घेतला.

तिसरी वाट पाण्याची. मुठा नदीवर खडकवासल्याचें धरण १८६९ ते १८७९ या काळांत बांधलें गेलें. त्याचा उजवा कालवा पुणें शहराच्या अंगानें निघून हडपसर, लोणी या बाजूनें पूर्वेस जातो. ज्या जमिनीस पावसावांचून आधार नव्हता, तेथें मळे उभे राहिले, ऊंस आला, भाजीपाला आला. आणि भाजीपाला पुण्याच्या मंडईस पोंचविण्यास रस्ता तयारच होता. रस्ता, रूळ आणि पाट हे तिन्ही एकाच शिवारांतून जावेत, असा योग थोड्याच गांवांस येतो. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंहि धरण फुटलें, आणि पुण्याचा नदीकांठ उध्वस्त झाला. ती पुण्याची आपत्ति म्हणून सर्वांच्या स्मरणांत आहे. पण त्याच पाण्यावर ज्यांचे मळे उभे होते, त्या कालव्याकांठच्या गांवांचाहि घांस त्या दिवशीं वाहून गेला, हें विसरतां कामा नये. पुढें धरण पुन्हां उभें राहिलें, नवा उजवा कालवा निघून इंदापूरच्या बाजूपर्यंत गेला, आणि जुन्या कालव्यास लोक 'बेबी कालवा' म्हणूं लागले. शहर वाढलें तसा धरणांतील पाण्यावर शहराचा हक्क वाढला, आणि शहरानें वापरून शुद्ध केलेलें सांडपाणी शेतीसाठीं या जुन्या कालव्यांत सोडण्याची योजना झाली. एके काळीं शहराच्या अगोदर निर्मळ पाणी पिणारें शिवार आज शहराच्या मागून पाणी पितें. पाणी पाटांतून जातें तसा अधिकारहि पाटांतून जातो.

आतां माणसांच्या गणनेकडे येऊं. शुभवर्तमानाच्या वाचकांस खानेसुमारी नवी नाहीं. औगुस्त कैसराच्या आज्ञेनें नांवनोंदणी निघाली, आणि योसेफास नासरेथाहून बेथलेहेमास जावें लागलें. म्हणजे मोजणीनें माणसास वाटेस लावलें. आपल्या देशांत मुंबई इलाख्याची पहिली सर्वसाधारण खानेसुमारी १८७२ सालीं, आणि सर्व देशाची एकाच वेळीं घेतलेली खानेसुमारी १८८१ सालीं झाली. त्या सालीं पुणें जिल्ह्याची लोकसंख्या ९,००,६२१ भरली. मध्यंतरीं १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडून गेला होता. दहा वर्षांनीं, १८९१ सालीं, ती १०,६७,८०० झाली. पण १९०१ सालीं ती ९,९५,३३० वर उतरली. दहा वर्षांत सत्तर हजारांवर माणसें उणीं. १८९६ च्या अखेरीपासून पुण्यांत शिरलेला प्लेग, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ हीं त्याचीं कारणें. प्लेगच्या दिवसांत लोक शहर सोडून माळावर झोंपड्या घालून राहत. तेव्हां पुण्याच्या भोंवतालच्या गांवांच्या शिवारांत शहरच वस्तीस येई. पुढें १९१८ सालीं तापाची सांथ आली. ती बंदरांत उतरली आणि आगगाडीच्या वेगानें देशभर गेली. १९११ सालीं या देशाची लोकसंख्या सुमारें २५.२ कोटि होती. १९२१ सालीं ती वाढण्याऐवजीं २५.१ कोटि भरली. आपल्या खानेसुमारीच्या इतिहासांत संख्या घटल्याचें असें दशक दुसरें नाहीं. वाट माणसें आणते, आणि वाटच रोगहि आणते.

यानंतरची कथा उलट आहे. २०११ च्या जनगणनेंत पुणें जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८ झाली. १८८१ च्या मानानें ही दहापटीहून अधिक होय. जिल्ह्याच्या सीमा मध्यंतरीं बदलल्या, १९४८ सालीं भोर संस्थान विलीन झालें, हें ध्यानांत घेतलें तरी वाढीचा आकार कांहीं लपत नाहीं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सर्व महाराष्ट्राची लोकसंख्या शेंकडा १६ नीं वाढली, आणि पुणें जिल्ह्याची शेंकडा ३० नीं. ही दुप्पट वाढ जन्मानें झालेली नाहीं. ती वाटेनें झालेली आहे. मराठवाड्यांतून, विदर्भांतून, सोलापूर-लातूरकडून आणि परप्रांतांतून माणसें पुण्याकडे आलीं. सोलापूरच्या रस्त्यानें येणाऱ्यास शहराचा उंबरठा कोठें लागतो? लोणीलाच.

रस्त्याचा जमाना पुन्हां आला, तो मोटारीमुळें. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली, आणि थोड्याच वर्षांत एस.टी.ची लाल गाडी ही खेड्याची ओळख झाली. पुणें-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय मार्ग पूर्वीं ९ क्रमांकाचा होता. २०१० नंतर त्यास ६५ हा क्रमांक मिळाला. पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा २००७ सालीं एक झाल्या, आणि शहरची बस गांवच्या थांब्यावर नेमानें येऊं लागली. मार्च २०१७ मध्यें पुणें-दौंड-बारामती मार्गावर नव्या धर्तीच्या डेमू गाड्या सुरू झाल्या, आणि त्याच सुमारास दौंडपर्यंत विजेच्या तारा पोंचल्या.

रूळ आणि रस्ता जवळजवळ असल्याचा एक परिणाम असा झाला कीं, तेलकंपन्यांनीं आपलीं मोठीं कोठारें लोणी स्टेशनलगत उभीं केलीं. १९८५ सालीं मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यापासून येथवर जमिनीखालून नळ आला. ही चौथी वाट. तिच्यावरून माणूस जात नाहीं, पण जिल्ह्यांतील असंख्य गाड्यांचें तेल तिच्यांतून येतें. टँकरांच्या रांगा, चालक, मेकॅनिक, खाणावळी आणि भाड्याच्या खोल्या यांची एक नवी वस्तीच त्यामुळें उभी राहिली. नदीच्या बाजूस चित्रपट-निर्माते राज कपूर यांची 'राजबाग' ही शेती होती. १९७८ सालच्या 'सत्यम् शिवम् सुंदरम्' या चित्रपटाचें चित्रीकरण तेथें झालें. त्याच राजबागेंत आज एमआयटीचें विद्यापीठ आहे. तेथील विश्वशांति घुमटाचें उद्घाटन २ ऑक्टोबर २०१८ रोजीं झालें. त्या घुमटाचा व्यास १६० फूट असल्याचें सांगण्यांत येतें. तुलनेसाठीं सांगावयाचें तर रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट आंतून सुमारें १३६ फूट रुंद आहे. ज्या गांवीं पूर्वीं बैलगाडीच्या चाकोऱ्या होत्या, तेथें आज देशाच्या नाना प्रांतांतील मुलेंमुली शिकण्यास येऊन राहतात.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. लोणी काळभोर आतां कोणाचें? २०२१ सालीं लोणी काळभोर आणि लोणीकंद हीं दोन्ही पोलीसठाणीं ग्रामीण पोलिसांकडून पुणें शहराच्या पोलीस आयुक्तालयाकडे गेलीं. म्हणजे दोन शतकें ज्या दोन लोण्यांची गल्लत होत आली, त्या दोघी एकाच दिवशीं पोलिसांच्या दप्तरांत शहरवासी झाल्या. त्याच सालीं शेजारचें मांजरी बुद्रुक धरून तेवीस गांवें पुणें महापालिकेंत घेतलीं गेलीं. लोणी काळभोर त्या यादींत नव्हतें. चोरी झाली तर गांव शहराचें, आणि गटार तुंबलें तर गांव खेड्याचें, अशी ही स्थिति. वस्ती शहरासारखी, रहदारी शहरासारखी, आणि हातीं साधनें मात्र खेड्याचीं, हें ओझें अशा सर्वच गांवांच्या खांद्यावर पडलें आहे.

रस्त्याचेंहि तसेंच. जो मार्ग गांवास जगाशीं जोडतो, तोच गांवास मधोमध चिरतो. शाळेस जाणारें मूल, दुधाची किटली घेतलेला म्हातारा, कामावरून परतणारी बाई, यांस पलीकडे जावयाचें तर भरधांव ट्रकांच्या रांगेंतून वाट काढावी लागते. हैदराबाद जवळ आलें, पण पलीकडची आळी दूर गेली. कोणत्याहि वाटेचें मोल ठरवितांना ती किती लांब जाते एवढेंच पाहूं नये. तिच्या दोन कांठांवरचीं माणसें एकमेकांकडे सुखानें जाऊं शकतात कीं नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट. खानेसुमारी डोकीं मोजते, आणि तें मोजणें अवश्य आहे. कारण पाणी, दवाखाना, शाळा हीं सर्व त्या आंकड्यावर ठरतात. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडली, त्यामुळें अशा वाढत्या गांवांच्या नव्या वस्तीस कागदोपत्रीं अस्तित्वच उरलें नाहीं. दहा-पंधरा वर्षांपूर्वींच्या आंकड्यावर आजची तहान भागविणें कसें शक्य आहे? टँकरचा चालक, भाड्याच्या खोलींत दाटीनें राहणारे मजूर, वसतिगृहांतील विद्यार्थी, हे सर्व येथलें पाणी पितात, येथल्या रस्त्यावर चालतात, येथें आजारी पडतात. मोजणी होईल तेव्हां होवो. पण शेजाऱ्यास ओळखण्यासाठीं सरकारी फर्मानाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे अशाच एका वाटेनें, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, कोणी नगर जिल्ह्यांतून, रेल्वेच्या, पलटणीच्या किंवा गिरणीच्या चाकरीसाठीं आले. आणि कोणी तरी त्यांस प्रथम नांवानें हांक मारली, म्हणून ते येथले झाले. आंकडा माणसास गणनेंत घेतो. नांव त्यास घरांत घेतें.

असो. लोणी काळभोरची कथा ही एका गांवाची कथा असली तरी शहराच्या कडेस असणाऱ्या शेंकडों गांवांचें चित्र तिच्यांत उतरलें आहे. दिंडी आली, फौज आली, आगगाडी आली, पाट आला, मोटार आली, तेलाचा नळ आला. प्रत्येकीनें कांहीं दिलें आणि कांहीं नेलें. गांव मात्र प्रत्येक वेळीं आपली पथारी थोडी सरकवून नव्या पाहुण्यास जागा देत राहिलें. आजहि आषाढी वारीच्या दिवसांत, राष्ट्रीय मार्गावरची रहदारी थांबवून, टाळमृदंगाच्या नादांत ती सर्वांत जुनी वाट गांवांत येते. ट्रक उभे राहतात, माणसें चालतात. एका दिवसापुरता कां होईना, रस्ता पुन्हां माणसांचा होतो. तो वर्षाचे उरलेले दिवसहि माणसांचा राहील कसा, हें पाहणें आपल्या पिढीचें काम आहे. पुढील महोत्सवाच्या वेळीं जे कोणी मागें वळून पाहतील, त्यांस आपण या कामांत उणे पडलों असें म्हणण्याची पाळी न येवो, इतकीच इच्छा.